रुखवतातली गिटार

माझ्या लग्नात मावशीनं एक घोडचूक केली आणि ती मी पुढं कितीतरी वर्षं भोगली. रुखवताचं टेबल तिला जरा रिकामं वाटलं. म्हणून तिनं माझी गिटार उचलली आणि खोबऱ्याच्या बाहुल्या आणि सुपारीची सप्तपदी यांच्या मधोमध उभी केली. मागून टेकू म्हणून शेवयांचा डबा लावला. मी आतल्या खोलीत नटत बसलेली, मला काय पत्ता? बाहेर आले तर नवऱ्याकडच्या बाया तिच्याभोवती घोळका करून उभ्या, आणि माझी होणारी सासू तारांवर नखं मारून पाहत होती.

रुखवताची रीत आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असते. नवरीनं आपल्या हातानं काय काय केलं ते चार लोकांनी पाहावं म्हणून हा सगळा पसारा मांडायचा. टेबलावर मांडलं ते नवरीसोबत सासरी जातं, आणि एकदा गेलं की सासू ठेवील तिथं राहतं. त्या बाहुल्या आणि ते मोत्यांचे मोर मग जन्मभर शोकेसमध्ये धूळ खातात. गिटार मी माझ्या पेटीत, साडीत गुंडाळून, गुपचूप नेणार होते. मावशीच्या हौसेनं तिचाही मोर झाला.

आता ही गिटार माझ्याकडं आली कुठून ते सांगते. बोरगाव मेघेला माझ्या वडिलांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न असो, गणपती असो, दुर्गा असो, आमचे भोंगे आणि आमचं मशीन तिथं जायचं. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. नव्वदीच्या सुरुवातीला चार पोरं जमली की ऑर्केस्ट्रा निघायचा. मग कीबोर्ड आले, एकाच माणसाच्या दोन हातांत सगळी वाद्यं आली आणि गिटारवाले घरी बसले. त्यातलाच एक जण आपली गिटार आमच्या दुकानात टाकून नागपूरला गेला तो गेलाच. जुन्या सिनेमात हिरोच्या गळ्यात असते तसल्या घाटाची होती ती. दोन शिंगांची, वर चकाकणारी पट्टी, खाली बटनं. फक्त मान आखूड होती आणि अंगही लहानखुरं. ऑर्केस्ट्र्यातली पोरं तिला लेकराची गिटार म्हणून हसायची. माझी बोटं आखूड आहेत. मोठ्या गिटारवर माझी करंगळी अर्ध्या वाटेत थांबायची, हिच्यावर बरोबर जागेवर पोचली. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नाही, खरं तेच सांगते.

तिच्यावर कोण्या भैताडानं चंदेरी ऑईलपेंट फासला होता आणि त्यावर लाल अक्षरांत ऑर्केस्ट्र्याचं नाव. मी ते सगळं पॉलिश पेपरनं घासून काढलं. हात आठवडाभर चंदेरी होते, आई म्हणायची भांड्यांना कल्हई लावायला गेली होतीस का. मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून स्कूटरचा फिकट निळा रंग मारून घेतला. वरची पट्टी तडकलेली होती, तिच्या मापाचा लालकाळ्या सनमायकाचा तुकडा बारीक करवतीनं कापून बसवला. बटनं गहाळ होती. वडिलांच्या अडगळीत एक मेलेला व्हॉल्वचा रेडिओ होता, त्याची पिवळट, हाताला गुळगुळीत लागणारी बटनं काढली आणि हिला लावली. पट्टा केला खाटेच्या निवारीचा. हात तारांवरून उचलला की ती मशीनमधून घूंऽऽ करून ओरडायची, म्हणून तारा टेकतात त्या घोडीपासून आतपर्यंत अर्थिंगची वायर ओढली, जोडाला कथलाचा डाग माझ्या हातानं दिला. आणि आखूड मानेवर बारीक तारा ढिल्या पडतात, खडखडतात. ते कळल्यावर नागपूरहून जाड तारा मागवल्या. त्या दिवशी तिचा आवाज भरला. एक सूर सोडला की दुकानातल्या पत्र्याच्या भोंग्यांतही तो फिरायचा. वडील हातातलं काम ठेवून ऐकत बसायचे.

आणि ही गिटार जामला, माझ्या सासरी, गेल्यावर शोकेसमध्ये कोंडली गेली.

जामच्या चौरस्त्यावर सासऱ्यांचं दुकान होतं. ताडपत्री, दोर, ग्रीस, ट्रकवाल्यांना लागेल ते सगळं. दुकानामागं घर, घराच्या समोरच्या खोलीत काचेचं मोठं शोकेस. सासूनं गिटार त्यात उभी केली, अंगावर क्रोशाचा रुमाल पांघरला, मानेत प्लास्टिकच्या फुलांची माळ घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. मी आधी गोड बोलून मागितली. मग सरळ मागितली. मग भांडून मागितली. तिचं एकच म्हणणं: पाहुणे पाहतात, नाव काढतात, तेवढं बस झालं. दुकानदाराच्या घरात सुनेनं गळ्यात पट्टा अडकवून उभं राहायचं नाही. रस्त्यावरचे ट्रकवाले खिडकीतून पाहतील.

मला त्या बाईचा राग यायचा. उगीच गोलगोल कशाला बोलू? सकाळी चहा टाकताना यायचा, संध्याकाळी दिवा लावताना यायचा. तिचं ते किल्ल्या वाजवत चालणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. नवरा माझा भला माणूस, पण आईसमोर मूग गिळून बसायचा. मी काही बोलले की म्हणायचा, जाऊ दे ना, डोस्कं काऊन खपवतेस. त्याच्या त्या 'जाऊ दे ना'वर मी पूर्ण संसार केला आहे.

आणि नणंद. तिच्याबद्दल काय सांगू. ती तेव्हा लग्नाची होती, आईची लाडकी, ताटावरून उठून हात धुवायलाही जिला आळस. दिवसभर पलंगावर लोळून चिवडा खायची आणि घरात कोण काय करतं ते आईच्या कानात नेऊन ओतायची. सासू दुपारी भजनाला गेली की मी दुकानातला पेचकस घेऊन शोकेसच्या दाराचे बिजागर सोडवायची. कुलूप तसंच लटकत राहायचं आणि दार बाजूला. तासभर वाजवून पुन्हा सगळं जसंच्या तसं. हे बरेच दिवस चाललं. मग नणंदेनं पाहिलं. मी तिला हात जोडले, माझी चांदीची पैंजणं देऊ केली. तिनं पैंजणं घेतली आणि त्याच दिवशी आईला सांगितलं. सासूनं लोहार बोलावून बिजागरांचे स्क्रू ठोकून चपटे करवून घेतले. ते काम चाललं असताना ही माझी पैंजणं घालून शेजारी उभी होती.

तारा दाबून बोटांच्या टोकांवर घट्टे पडतात. ते मला फार प्रिय होते. शोकेस असं ठोकून बंद झाल्यावर हळूहळू ते गेले, कातडं मऊ पडलं. भाकरी थापताना मी अंगठ्यानं बोटांची टोकं चाचपून पाहायची आणि मला रडू यायचं. लोकांना वाटतं गिटार म्हणजे चैन. माझं त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर नणंदेचं लग्न ठरलं, वडनेरच्या एका भाजीवाल्या घरात. शेती मोठी, घर मोठं, माणसं भरपूर. आता रुखवत मांडायची वेळ आली आणि हिनं जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही. सासूची झोप उडाली. अशा वेळी आमच्याकडं काय करतात, तर शेजारपाजारच्या वस्तू मागून आणतात. एकीचा मोर, दुसरीची काचेची बदकं. उसन्या वस्तूला खालून काळा दोरा बांधतात आणि वऱ्हाडाचा मेटॅडोर भरायच्या आधी घरची एक बाई टेबलाजवळ थांबून दोरा पाहून पाहून त्या बाजूला काढते. सगळेच करतात आणि सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणी बोलत नाही.

सासूनं गिटारही मांडायचं ठरवलं. या वेळी मी अडून बसले. म्हटलं, मांडा, पण एका अटीवर. दोरा बांधायचा, टेबलाजवळ मी थांबणार, आणि परत आल्यावर ती शोकेसमध्ये जाणार नाही, माझ्या खोलीत राहील. सासूला गरज होती. तिनं देवावर हात ठेवून हो म्हटलं, नवऱ्यासमोर म्हटलं, सासऱ्यांसमोर म्हटलं. मी स्वतः तिच्या बुडाला काळा दोरा बांधला. लग्नाच्या दिवसापर्यंत मी पाय जमिनीला न लावता कामं केली. पुऱ्या लाटल्या, पंगती वाढल्या, नणंदेचे केससुद्धा विंचरले.

आणि माझ्या सासूनं काय करावं? सगळ्या वस्तूंसमोर कागदाच्या पट्ट्या लावतात, कलाकृती म्हणून नवरीचं नाव लिहितात, ते ठीक आहे. हिनं गिटारसमोर पट्टी लावली: नवरी मुलगी स्वतः वाजवते. कोणाला जास्तीचं एक वाक्य पाहिजे होतं, सांगा? नवऱ्या मुलाचा मामा हौशी, त्यानं ती पट्टी वाचली आणि थेट माईकवर गेला. आमच्या सूनबाई गिटार वाजवतात, असं त्यानं साऱ्या मांडवाला ऐकवलं. टाळ्या पडल्या. वडनेरचे सासरे उभे राहून हात जोडू लागले. झालं, आता त्या टेबलावरून ती कोण उचलणार?

मी उचलायला गेले. मी खरंच गेले, दोन्ही हात पुढं केले. सासूनं मागून माझं मनगट धरलं, ते असं की बांगडी फुटली. कानाशी येऊन म्हणाली, एक शब्द काढशील तं पोरगी मांडवातूनच परत यीन. नवरा समोर उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, जाऊ दे ना, दुसरी घेऊ. दुसरी कुठून घेणार होता हा माणूस? माझ्या वडिलांच्या रेडिओची बटनं कोणत्या दुकानात मिळतात? माझ्या डोळ्यांदेखत ती गाद्यांच्या ढिगावर चढली आणि मेटॅडोर वडनेरला जायला हिंगणघाटच्या दिशेनं गेला. बुडाचा काळा दोरा तसाच होता.

त्यानंतर मी सासूशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, ताट पुढं सरकवायची, पण तोंडातून शब्द नाही. ती आल्यागेल्याला सांगायची, पाहा बाई, नणंद सासरी गेली तं हिला किती वाईट वाटून राह्यलं. मी दात-ओठ खात पोळ्या लाटायची. मनात एकच होतं. वडनेरला जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की ही गिटार माझी आहे, हिला त्यातलं ओ की ठो येत नाही. त्या घरात तिची काय शोभा होईल ती होवो. मला तेच पाहिजे होतं.

संधी मिळाली महालक्ष्म्यांना. वडनेरच्यांकडून जेवणाचं निमंत्रण आलं. सासूचे गुडघे धरले होते, म्हणून नवरा आणि मी गेलो. जाताना मी पर्समध्ये पेचकस टाकला. का टाकला, मला सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं भांडायला जाऊ नये असं काहीसं वाटलं असेल.

महालक्ष्म्या समोरच्या सोप्यात बसवलेल्या. घरची भाजीची शेती, म्हणून सोळा भाज्या सगळ्या वावरातल्या, त्याचा त्या घराला मोठा तोरा. लक्ष्म्यांच्या दोन्ही बाजूंना आरास मांडली होती आणि उजवीकडच्या लक्ष्मीच्या पायाशी माझी गिटार. सनमायकावर कुंकवाची पाच बोटं. शिंगाला गजरा. हळद खुंट्यांच्या चाकांत गेलेली. एवढ्या लोकांत मला शिवी आली तोंडात, ती मी आंबिलाबरोबर गिळली. नणंद बायांना वाढत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पातेलं घेऊन दुसऱ्या पंगतीला गेली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला गावातल्या बाया आल्या. आरतीसाठी भजन मंडळाचं मशीन आणलं होतं. कोणीतरी काढलंच, सून गिटार वाजवते म्हणतात ते आम्ही अजून ऐकलं नाही. वडनेरची विहीण, म्हणजे नणंदेची सासू, माझ्याकडं वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की कशी वाजवील, लग्नाआधीच वहिनीनं हिची गिटार बिघडवून ठेवली होती, पोरगी आल्यापासून हळहळते. सगळ्या बायांच्या नजरा माझ्यावर. मी बिघडवली! मी! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मला समोरच्या समया दोन-दोन दिसायला लागल्या.

मी उठले, लक्ष्मीच्या पायाला हात लावून गिटार घेतली आणि मांडीवर उताणी केली. वायरची पिन जिथं खुपसतात तिथं मागं एक छोटी पट्टी असते. पेचकसानं ती उघडली. आतली वायर तुटलेली नव्हती. कापलेली होती. कात्रीनं, एका फटक्यात, सरळ. माझा डाग तिथं जसाच्या तसा चमकत होता आणि त्याच्या बोटभर खाली काप. मी मान वर केली. नणंद खांबाला टेकून उभी होती. तिनं मला ती वायर पाहताना पाहिलं. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. वाजवायची पाळी येऊ नये म्हणून हिनंच कापली, हे मला कळलं.

मला हेच पाहिजे होतं ना? आयतं हातात आलं होतं. कापलेलं टोक विहिणीसमोर धरायचं, एवढंच काम. मी वायर दातांनी सोलली, पिळून जोडली, पट्टी बसवली, पिन लावली आणि मशीनचं बटन फिरवलं. म्हटलं, आधी वाजवते, मग तोंड उघडते. म्हणजे कोणाची आहे ते सांगायचीही गरज पडणार नाही. तारा उतरलेल्या होत्या, त्या ताणून घेतल्या. आणि नेहमीच्या आरतीची चाल वाजवली. बोटं मऊ झाली होती, तारा कातडीत घुसत होत्या, दोन जागी सूर घसरला. पण आवाज, बापा, तो आवाज. सगळा सोपा भरून गेला. बाया कुजबुजायच्या थांबल्या. बाहेर बैलाजवळ बसलेली माणसं दारात आली.

संपल्यावर विहिणीनं नणंदेकडं पाहिलं आणि म्हणाली, "झाली ना नीट? आता तू वाजव सूनबाई. लक्ष्म्यांपुढं तुहा हात लागू दे."

नणंद हलली नाही. तिचं तोंड पाहिलं आणि मला ती एकदम ओळखूच आली नाही. गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली, नखांच्या कडांत काळं-हिरवं बसलेलं, वांगी आणि टमाटे तोडून तोडून बसतं तसं. पलंगावर लोळून चिवडा खाणारी ती हीच का, असं वाटलं. मला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही. मला रागच होता. पण तो राग माझा होता, घरचा होता, आणि या बाया त्यात मधे कशाला?

"मामी, ती काऊन वाजवीन?" मी विहिणीला म्हटलं. "मले तिनंच शिकवलं. मास्तरासमोर चेल्यानं वाजवाचं असते आणि मास्तरानं चुका काढाच्या असतात."

माझ्या तोंडून हे निघालं आणि माझाच मला विश्वास बसेना. सगळ्या बाया नणंदेकडं वळल्या. तिनं करंडा खाली ठेवला. पदर सारखा केला. आणि त्या बयेनं, जिला तार कोणती आणि खुंटी कोणती हे माहीत नाही तिनं, माझ्याकडं मान तिरपी करून पाहिलं.

"तिसरं बोट चुकलं तुमचं, वहिनी," ती म्हणाली. "रियाज नाई राह्यला."

मी चारचौघींत मान खाली घालून हो म्हटलं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांतून पाणी आलं. बायांना वाटलं गुरूबद्दल काय हा आदर. दारात उभे असलेले नणंदेचे सासरे, तेच मांडवात हात जोडणारे, खूश झाले. म्हणाले, शिकवणी अर्धी काऊन सोडली? मी लगेच साधून घेतलं. म्हटलं, मामाजी, जोड कच्चा आहे, डाग द्यायला गिटार जामला न्यावी लागेल, आणि माझं शिकणंही तिकडंच होईल. त्यांनी हो म्हटलं आणि सुनेला म्हणाले, महिन्यातून एकदा जात जाजो, भाजीची गाडी जामवरूनच नागपूरला जाते.

परतताना गिटार माझ्या मांडीवर होती. नवरा एसटीत म्हणाला, पाहा, सगळं गोडीगुलाबीनं झालं ना. मी त्याला म्हटलं, तुम्ही तोंड बंद ठेवा. घरी आल्यावर सासूला सांगितलं की गिटार तुमच्या लेकीचीच आहे, तुमचं नाव राखलं आहे, पण ती माझ्या खोलीत राहील आणि महिन्याला तुमची लेक मला शिकवायला येईल. सासूच्या तोंडावर आनंद आणि शंका दोन्ही होते. शंकेला वाव द्यायचा तर लेक येणं बंद होणार, म्हणून तिनं आनंद धरला. दुसऱ्याच दिवशी मी हळद टूथब्रशनं काढली, नवा डाग दिला, तो काळा दोरा कापला आणि क्रोशाचा रुमाल पोछ्याला लावला.

पहिल्या महिन्यात नणंद भाजीच्या गाडीतून उतरली तेव्हा मी तयारीत होते. पैंजणांपासून वायरीपर्यंतचा सगळा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. खोलीत घेतलं, दाराला आतून कडी लावली आणि म्हटलं, बोल आता. तिनं चटईसुद्धा मागितली नाही. भिंतीशी फरशीवर आडवी झाली, हात उशाला घेतला आणि मी पहिलं वाक्य पूर्ण करायच्या आत झोपली होती. मला वाटलं ढोंग आहे. पायाचं बोट लावून पाहिलं. हललीही नाही. तोंड उघडं, केसांत मेथीची पानं. त्या घरी पहाटे अंधारात भाजी तोडायला जायचं, जुड्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची, मग एवढ्या माणसांच्या भाकरी, आणि दुपारी पाठ टेकली की शहाण्या बाया निजत नसतात म्हणून ऐकून घ्यायचं. हे तिनं मला पुढं वर्षभरानं, तेही तुटक तुटक सांगितलं. आईला तिनं सांगितलं होतं की राणीसारखी आहे.

मग ते तसंच चालू झालं. दर महिन्याला ती यायची, खोलीत शिरायची आणि निजायची. समोरच्या खोलीत निजली असती तर आईनं पाय चेपत प्रश्न विचारले असते, शेजारणींना बोलावून दागिने दाखवायला लावले असते. मला ती आवडत नव्हती. पैंजणं तिनं अजूनही परत केलेली नाहीत. पण मी वडिलांकडून आणलेल्या जुन्या मशीनची पिन काढून ठेवायची आणि पलंगाच्या कडेला बसून नुसत्या तारांवर वाजवायची. मशीनशिवाय गिटारच्या तारांचा आवाज चार हातांपलीकडं जात नाही. माझे घट्टे परत आले ते तसल्याच दुपारी, नणंदेच्या घोरण्याच्या साथीवर.

एकदा सासू दाराशी आली. चहा घेऊन आली होती की कान लावायला, देव जाणे. कडी वाजवून म्हणाली, एवढा वेळ काय करून राह्यल्या तुम्ही, आवाज तं काहीच येत नाई. नणंद झोपेत दचकली, कूस बदलून पुन्हा निजली. मी गिटार गळ्यातच ठेवून उठले, दार बोटभर उघडलं आणि फटीत उभी राहिले, आतलं दिसू नये अशी.

"हळू बोला, आई," मी म्हटलं. "शिकवून राह्यली ती मले."